डावी बाही थोडी लांब

प्रिय आत्या,

हे पत्र पोस्टाने आलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. ते तुझ्या हातात देणारे म्हातारे गृहस्थ म्हणजे आमच्या मिशनच्या दवाखान्याचे डॉक्टर. निवृत्त होऊन घरी परत आलेत. त्यांना आधी पंख्याखाली बसव, चहा टाक, आणि साखर नको म्हणाले तरी दोन चमचे घाल. मात्र त्यांना काही विचारू नकोस. तुझं वाचून होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही असं वचन मी त्यांच्याकडून घेतलंय, आणि माणूस शब्दाचा पक्का आहे. भरवसा नाही तो तुझाच. कुठलंही पुस्तक हातात आलं की तू आधी शेवटचं पान उघडतेस, कोण मेलं आणि कोणाचं लग्न झालं ते कळलं की मग निवांत पहिल्या पानाकडे वळतेस. या वेळी तेवढं करू नकोस. चष्मा पुसून घे आणि इथूनच सुरुवात कर.

पहिली बातमी, मी धडधाकट आहे. दुसरी बातमी, मी घाबरले आहे. तू मला लहानपणापासून भित्री भागूबाई म्हणत आलीस. पाल दिसली की मी खाटेवर चढून बसायची, आणि तू खराटा घेऊन यायचीस, पण पालीला हाकलायच्या आधी मला पोटभर हसून घ्यायचीस. पाल निदान भिंतीवर दिसायची तरी. मी हे बटाट्याच्या कोठारात पोत्यावर बसून लिहितेय, कारण इथलं दार उघडं ठेवलं की फाटक आणि त्यापुढचा रस्ता वळणापर्यंत दिसतो. दोन ओळी लिहिते आणि मान वर करून बघते. पोत्यावर कागद ठेवलाय म्हणून अक्षर वाकडं आलंय, असं लिहिणार होते. पण तुझ्याशी काय खोटं बोलायचं? लिहिताना नजर कागदावर नसते, रस्त्यावर असते.

तू माझ्या पत्रांना उत्तर देत नाहीस त्याचं मला आता वाईट वाटत नाही. मी निघाले त्या दिवशी चर्चच्या पायरीवर, पाळकसाहेबांच्या देखत, तू विचारलंस की इथे काय पोरांचा दुष्काळ पडलाय म्हणून समुद्रापलीकडे परक्यांची नाकं पुसायला चाललीस? पाळकसाहेब नुसते घसा खाकरत राहिले. त्यानंतर तुझं एक अक्षर आलं नाही. पण दर वर्षी थंडीच्या तोंडावर महिला मंडळाचं खोकं येतं. बाकीच्या बायकांच्या निळ्या-पिवळ्या टोप्या आणि मोजे वर, आणि तळाशी तुझे स्वेटर. सगळे लालभडक, आणि सगळ्यांची डावी बाही उजवीपेक्षा चार बोटं लांब. सोबत चिठ्ठी कधीच नसते, पण त्या बाहीनंतर सही कशाला हवी? मी पहिलीत असताना घालायची तोही असाच होता. इथल्या पोरांना वाटतं की स्वेटर म्हणजे असाच असतो. सगळी डावी बाही दुमडून फिरतात, आणि नवीन आलेलं पोर अक्षरं गिरवायच्या आधी ती घडी घालायला शिकतं. लाल रंगच का, तर धुक्यात पोर हरवू नये म्हणून, असं तू मंडळात सांगतेस म्हणे. मला हे पाळकसाहेबांनी कळवलं. परक्यांच्या पोरांची एवढी काळजी बरी नव्हे हो आत्याबाई.

आणि खरंच, इतकी वर्षं तुझं म्हणणं बरोबर होतं. आमचं मिशन डोंगराच्या अर्ध्यावर आहे. पत्र्याची शाळा, तिला लागून पोरांची झोपायची लांब खोली, पलीकडे दोन खाटांचा दवाखाना, आणि उतारावर बटाट्याची शेती. धुकं उतरलं की हाताला हात दिसत नाही, तेव्हा लाल ठिपके शोधत मी पोरं गोळा करायची. यातल्या काहींना आईबाप आहेत, ते लांबच्या वाड्यांवर राहतात आणि सुट्टीला पोरं घेऊन जातात. काहींना कोणी नाही. इथलं माझं काम तुला वाटतं तसं थोर वगैरे नाही. उवा काढणं, खरजेवर मलम चोपडणं, पाढे घोकून घेणं, रविवारी गाणी शिकवणं, आणि कोणाचा दात हलतोय ते दिवसातून दहादा बघणं. तू माझ्यासाठी केलंस तेच मी इथे करते.

मग डोंगरापलीकडच्या शाळेची बातमी आली. या भागात बंदूकवाल्यांच्या टोळ्या आहेत हे आम्ही ऐकून होतो, पण त्या लांब होत्या आणि आपापसात लढत होत्या. आता त्यांना माणसं कमी पडू लागलीत. त्या शाळेत ते भर दुपारी आले, वर्गाच्या दारात उभे राहिले आणि ज्यांना ओझं उचलता येईल अशी पोरं घेऊन गेले. तिथल्या मास्तरांनी आडवं यायचा प्रयत्न केला. मास्तर आता आमच्या दवाखान्यात आहेत, जगतील असं डॉक्टर म्हणतात. ते सगळं नीट सांगतात, पण वर्गाबाहेर पोरांच्या चपला रांगेत तशाच राहिल्या इथपर्यंत आले की भिंतीकडे कूस वळवतात. मी त्यांना दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायचा धीर झाला नाही.

त्याच आठवड्यात आमची स्वयंपाकीण मावशी समोरच्या कड्यावर तिच्या बहिणीकडे गेली होती. ही बाई म्हणजे तुझीच धाकटी बहीण शोभेल, नाकावर राग आणि जिभेला धार. परत आली ती टोपली खाली न ठेवताच माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, बाई, तिथून बघितलं मी. तुमची पोरं अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांसारखी दिसतात. कोणीही मोजून घेईल, किती आहेत, कुठे झोपतात, कुठे पाण्याला जातात. दुसऱ्या दिवशी आम्ही कपडे उकळायच्या हंड्यात झाडाची साल आणि गंजके खिळे टाकले आणि तुझे स्वेटर एकेक करून त्यात बुडवले. लाकडाने ढवळताना मला रडू आलं ते धुरामुळे नव्हतं. बाहेर निघाले तेव्हा ते मातीच्या रंगाचे झाले होते, काही ठिकाणी डागडाग, जुन्या पोत्यासारखे. पोरं रुसून बसली. एकाने तर जेवण सोडलं, आणि मावशीने त्याला तुझ्या पद्धतीने, म्हणजे पाठीत एक घालून आणि मग मांडीवर घेऊन, समजावलं.

त्याबरोबर आम्ही पळण्याचा सराव सुरू केला. शाळेची घंटा म्हणजे दोरीने टांगलेला लोखंडी रुळाचा तुकडा. नेहमीची घंटा सावकाश. घाईने सलग वाजली की हातातलं टाकायचं आणि कोठारामागच्या घळीत झुडपांखाली जाऊन गप्प पडायचं. मोठ्यांना कारण सांगितलं, लहानांना लपंडाव म्हणून सांगितलं. लहानांना तो इतका आवडला की ती दिवसभर माझ्या मागे लागायची, बाई, घंटा वाजवा ना. मी हसायची आणि वळणाकडे बघून घ्यायची.

आता तुला मुंगीबद्दल सांगायला हवं. तिचं हे नाव मी ठेवलंय. सहा-सात वर्षांची असेल, कायम काहीतरी उचलून कुठेतरी नेत असते. काटक्या, अंडी, दुसऱ्याची पाटी. तिला कोणी नाही. तापाच्या साथीत तिच्या घरचे गेले, ही राहिली, पण कान गेले. बोलणंही मग विसरली. डॉक्टरांच्या मते डाव्या कानात थोडा जीव आहे, मोठ्या शहरात तपासून यंत्र लावलं तर काही ऐकू येईल. त्यासाठीचे कागद मिशनच्या कचेरीतून मागच्या वर्षापासून सरकत होते. तोवर आम्ही खुणा बनवल्या. दोन्ही तळवे गालाखाली म्हणजे झोप, बोटांची चिमट म्हणजे मीठ, दोन बोटं डोक्यावर उभी म्हणजे मावशी रागावलीय. भुकेची खूण तिने स्वतःच केली. आता तूच सांग, जिला घंटा ऐकू येत नाही तिने कधी पळायचं? सरावात ती इतरांना पळताना बघायची आणि त्यांच्या मागे धावायची. मला वाटलं, तेवढं पुरेल. आणि समजा मागे राहिलीच, तर लाल ठिपका मला लांबूनही दिसला असता. पण तो तर मीच हंड्यात बुडवून टाकला होता. करायला गेले एक आणि झालं एक.

घंटा खरोखर वाजली त्या दिवशी लख्ख ऊन होतं. आमचं फाटक राखणाऱ्या आजोबांना वळणावर माणसं दिसली. पोरं घळीत उतरली, मी आणि मावशी झुडपांखाली एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत गेलो. मातकट पाठी, मातकट पाठी, आणि मुंगी नाही. पुन्हा मोजलं. नाही. मी वर सरकून फांद्यांतून अंगणात बघितलं, आणि आत्या, मला ती दिसेचना. माती, कुडाची भिंत, कोंबड्यांचं खुराडं, सगळं एका रंगाचं. मग खुराड्याजवळचा मातीचा एक ढीग हलला. ती फाटकाकडे पाठ करून उकिडवी बसली होती आणि कोंबड्यांना दाणे टाकत होती. दोन बंदूकवाले अंगणात आले होते.

त्यांतल्या एकाने हाक मारली. ती वळली नाही. त्याने पुन्हा, दरडावून हाक मारली. तो तिच्या मागे दोन हातांवर येऊन उभा राहिला आणि ती दाणे टाकतच होती. मी उठले होते. मावशीने माझा घोटा धरला, इतका घट्ट की अजून काळा-निळा आहे, आणि कानात म्हणाली, तुम्ही गेलात तर ही सगळी तुमच्या मागे धावतील. मी बसले. प्रभूला काय म्हणत होते ते मला आठवत नाही. त्या माणसाने खडा मारला. ती वळली, त्याच्याकडे बघितलं, आणि ओच्यातलं एकुलतं अंडं त्याच्यापुढे धरलं. पाहुणा आला की काहीतरी द्यायचं, हे मीच शिकवलंय.

त्याने अंडं घेतलं. दुसऱ्याने तिच्या कानामागे जाऊन टाळी वाजवली, एकदा, दोनदा, आणि ती दचकली नाही तसा हसला. तिचा दंड बाजारातल्या बकरीचा दाबून बघावा तसा दाबून बघितला. पुढचं फाटकावरच्या आजोबांनी ऐकलं, कारण त्यांना भिंतीशी उभं केलं होतं. तो म्हणाला, ही बरी आहे. हिला काही ऐकू येणार नाही आणि हिला कोणाला काही सांगताही येणार नाही. आज चढण आहे, ओझं आहे. बटाटे निघाले की पोती न्यायला येऊच, तेव्हा हिलाही घेऊ. जाताना आजोबांना बजावून गेले की पोरगी जागेवर हवी, नाहीतर बाकीची कुठे लपवता ते आम्हाला शोधता येतं. मी घळीतून वर आले तेव्हा मुंगी रिकाम्या ओच्याकडे बोट दाखवून मला सांगत होती की पाहुण्याने अंडं घेतलं. फार खूश होती. मी तिला उचललं ते संध्याकाळपर्यंत खाली ठेवलं नाही.

त्यानंतर एक गंमत झाली, तेवढी सांगते. मी खुराडं साफ करायला घेतलं तर पेंढ्याखाली लाल काहीतरी. मुंगीचा स्वेटर. हिने तो हंड्यात जाऊच दिला नव्हता, आपला लपवून दुसऱ्या कोणाचा तरी रंगवलेला चढवून फिरत होती. तिच्या एका कोंबडीने त्यावर अंडी घातली होती. मी रागावले नाही. तो झटकला, घडी केली आणि माझ्या ट्रंकेत ठेवला.

ज्या पोरांना घरं आहेत त्यांचे आईबाप येऊन घेऊन गेले. उरली ती कोणी नसलेली, आणि मावशी, आजोबा, मी. कचेरीने मला परत यायला सांगितलंय, पत्र कडक आहे. डॉक्टरांनीही समजावलं. ते स्वतः थांबणार होते, पण त्यांचं हृदय आता हा चढ सोसत नाही, आणि त्या मास्तरांनाही मोठ्या इस्पितळात पोचवायचंय. मी जाणार नाही, आत्या. हे शौर्य समजू नकोस. मला रोज पळून जावंसं वाटतं. कोंबडं फडफडलं तरी दरवाजाची कडी मी पुन्हा चाचपून बघते. पण उरलेल्या पोरांना सांगायचं काय? आम्ही त्यांना थोडं थोडं करून खालच्या गावातल्या घरांमध्ये पांगवतोय, विश्वासाच्या माणसांकडे, पुतणी म्हणून, भाची म्हणून. शेवटचं पोर कोणाच्या तरी दारात उतरवलं की मी माझी ट्रंक उचलेन. मुंगीला मात्र कोणी ठेवायला तयार नाही. तिच्यावर त्यांची नजर पडलीय हे सगळ्यांना ठाऊक झालंय. मी कोणाला दोष देत नाही, त्यांच्याही चुलीपाशी पोरं आहेत. शेतातले बटाटे आता काढायलाच हवेत, पानं पिवळी पडलीत. मावशी म्हणते, राहू दे जमिनीत, कुजू दे. पण बटाटे कुजले म्हणून ते यायचे थोडेच थांबणार आहेत.

या दिवसांत मला सारखं तुझं फाटक आठवतं. मी मुंगीएवढीच होते. आई आणि बाबा एकाच आठवड्यात गेले होते, आणि कोणीतरी दूरचे मामा मला तुझ्या फाटकापर्यंत आणून, आत यायचं धाडस न होऊन, तिथेच उभे राहिले होते. घरात सगळ्यांना माहीत होतं की तुला पोरं आवडत नाहीत. शाळेत दिवसभर पोरंच असतात, घरी तरी शांतता हवी, असं तू सगळ्यांना ऐकवायचीस. तू पिठाच्या हातांनी बाहेर आलीस. माझ्याकडे बघितलंस. कोण, कुठली, किती दिवस, काही विचारलं नाहीस. जेवलीस का, एवढंच विचारलंस. मी जेवून आले होते, तरी नाही म्हणाले. तू मला कडेवर घेतलंस, फ्रॉकवर पिठाचा पंजा उमटला. त्या क्षणी माझी भीती गेली. त्यानंतर पालीला घाबरायचे ते नुसतं तू खराटा घेऊन यावंस म्हणून.

आता डॉक्टरांकडे बघू नकोस, त्यांना चहा पिऊ दे. उद्या सकाळी ते दवाखान्याच्या गाडीतून निघतील. मागे मास्तर झोपलेले असतील, आणि त्यांच्या पायाशी, कानांभोवती जाड पट्टी बांधलेली एक आजारी मुलगी. पुलावर त्या लोकांची चौकी आहे. तिला उपचाराला समुद्रापलीकडे न्यायचे कागद अखेर आलेत, ते खरे आहेत, पट्टी खरी वाटते, बाकी प्रभूच्या हातात. तू हे वाचत असशील तर पूल ओलांडून झाला आहे. मला मात्र ते कळणार नाही, मी इथे याच पोत्यावर बसून रस्त्याकडे बघत असेन. म्हणून इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुझ्याकडे काही मागते, एक ओळ लिही. नाहीच लिहवलं, तर या वर्षी खोक्यात एक स्वेटर मातकट रंगाचा पाठव. तो निघाला की मी समजेन, पोर पोचलं. डॉक्टरांच्या ओळखीचे कानाचे डॉक्टर तुझ्या बसच्या रस्त्यावरच आहेत, म्हणजे तुला सबबही नाही. तुला पोरं आवडत नाहीत हे मी तिला सांगितलेलं नाही. आता हे पत्र खाली ठेव आणि खिडकीतून फाटकाकडे बघ. तिथे काहीतरी लाल दिसेल, डावी बाही दुमडलेली. कोंबड्यांचा वास येईल, नाक मुरडू नकोस. मागून जाऊ नकोस, समोरून जा, म्हणजे ती दचकणार नाही. हाका मारू नकोस. पाचही बोटं जुळवून ओठांशी ने आणि भुवया उंच कर, जेवलीस का हे आम्ही असंच विचारतो. ती नाही म्हणेल. जेवून आली असली तरी नाहीच म्हणेल.

तुझीच,
कार्टी